सैल सोडलेला टाका

आधीच हात जोडून सांगतो, लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील. शाळा अर्ध्यात सुटली आणि तेव्हापासून हातात पेनापेक्षा दाभणच जास्त राहिलंय. शब्दही साधेच आहेत, जड शब्द मला पेलत नाहीत. आणि ‘मी, मी’ करत लिहायला संकोच वाटतो, म्हणून ‘तो’ म्हणून लिहितो. घडलं ते मात्र घडलं तसंच आहे.

१

त्याचं काम खुर्च्यांचं. खुर्ची, सोफा, गाडीची सीट, जे जे बसून बसून दबतं ते पुन्हा वर आणायचं. जुनं कापड उसवायचं, आतला काथ्या पिंजायचा, निवारीची पट्टी ताणायची आणि नवं कापड चढवून दाभणाने शिवायचं. माणसांसमोर त्याची बोबडी वळायची, पण खुर्ची उलटी करून तिच्यापुढे मांडी घातली की तो राजा. दुकानात सगळे त्याला टाका म्हणत. मामा टाक्या म्हणत.

उस्तादाने त्याला एक रीत लावून दिली होती. काम संपलं की खुर्चीच्या मागच्या पायाशी, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा, लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. ती आपली सही. आणि हा शेवटचा टाका कधी ओढून घट्ट करायचा नाही, बोटाचं टोक जाईल इतका सैल सोडायचा. “सगळंच आवळलंस तर खुर्ची शंभर वर्षं टिकेल,” उस्ताद म्हणायचे, “पण बसणाऱ्याला ती कधी आपली वाटायची नाही.”

मामांनी उभा जन्म बस चालवली होती. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, आणि घड्याळाचा काटा मानेवर. आता डोळ्यांत पडदा यायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन होईल, पण गाडी सोडा. मामांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात भाच्याला म्हणाले, “चल, शेवटची फेरी मारू. कंडक्टरला भेटू, फिटरला भेटू, चेकर अजून जिवंत असला तर त्यालाही भेटू. पण वेळापत्रक नाही. वळण दिसलं की वळायचं.”

हात हलवत कुणाकडे जायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं. जिथे जाऊ तिथली एक बसकी खुर्ची भाचा नीट करून देईल. म्हणून दाभण, सुतळी, निवार, काथ्याचं पोतं, सगळं मागे भरलं.

आई दाराशी आली. तिची स्वतःची खिडकीजवळची खुर्ची पार बसली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. “जगाच्या खुर्च्या उठवतोस,” ती म्हणाली, “माझी कधी?”

“आल्याबरोबर. शब्द.”

आईचा एक कान गेलेला. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा, तिला पत्ता नसायचा. त्यामुळे त्याचीही घरी येण्याची एक तऱ्हा ठरली होती. दारावर बोटाच्या पेराने एकदाच टकटक करायचं, हळूच “आई” म्हणायचं आणि उभं राहायचं. चांगला कान दाराकडे असला तर ती उठायची. नसला तर तो आपला उभा. जोराने दार वाजवणं त्याला कधी जमलं नाही.

मामांच्या गाडीचं त्याच्या बाजूचं दार बिजागरीतून उतरलं होतं. किंचित वर उचलूनच ते लागे आणि दोनदा वाजे: ठक्… ठप. गल्लीला त्यावरूनच कळायचं, स्वारी आली किंवा निघाली.

ठक्… ठप. ते निघाले.

२

पहिलं वळण एका तलावाचं होतं. रस्ता पाण्याला धरून दूरवर गेलेला आणि काठाला उंच गवत, त्याला पांढरे मऊ तुरे. मामांनी गाडी थांबवली, पँट दुमडली आणि स्वतः चिखलात उतरून तुऱ्यांची मोठी जुडी आणली. ती मागच्या काचेला टेकवून ठेवली. “बसमध्ये असतो तर प्रवाशांनी मारलं असतं,” असं म्हणून ते हसले. त्यांचं हसू नेहमी खोकल्यात संपे.

कंडक्टरकडे पोचायला दुपार टळली. बैठं घर, पुढे पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेली पायपुसणी. कंडक्टरांनी दार उघडलं आणि मिठीबिठी काही नाही, नुसते बघत राहिले.

“काय विसरलं?” ते म्हणाले.

“तुला भेटायचं विसरलो होतो, इतकी वर्षं.”

“हे सकाळी आलास तेव्हा नाही सुचलं वाटतं.”

मामा मोठ्याने हसले. कंडक्टरांची ही जुनी खोड. भरल्या बसमध्ये ते लोकांना गंभीर चेहऱ्याने सांगायचे की ही गाडी आज उलटी जाणार आहे. पण आतून वहिनी आल्या आणि त्यांनीही तेच धरलं. म्हणाल्या, सकाळी चहा नको म्हणालात, मला वाटलं भावजींना ताप आहे की काय. आणि भाचा किती बोलका, घर डोक्यावर घेतलं होतं त्याने.

बोलका म्हटल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली बघत हत्यारांची पिशवी सोडायला लागला.

“आता काय सोफा करतोस?” कंडक्टर म्हणाले. “खुर्ची तर केलीस की सकाळी.”

खुर्ची भिंतीशी होती. नवं कापड, ताणलेल्या कडा, कोपऱ्यांच्या चुण्या सारख्या पडलेल्या. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने ती उलटी केली. चुण्या पाडायची पद्धत त्याची होती. मागच्या पायाशी लाल टाका होता. त्याने टाक्याखाली बोट घालून बघितलं. बोट जाईना. नख घालून बघितलं, तेही जाईना. टाका ताणून असा आवळला होता की दोरा लाकडात रुतला होता.

मुक्काम तिथेच झाला. पत्ते रंगले, मामांनी कंडक्टरांना हरवलं, सगळं कसं छान झालं. झोपताना त्याने मनाशी हिशोब लावला. उस्तादांच्या हाताखालून ढीगभर पोरं शिकून गेली होती. लाल दोरा काही त्याच्या एकट्याच्या बापाचा नव्हता. असाच कुणीतरी इकडे धंदा करत असेल आणि म्हाताऱ्यांनी आपली गंमत केली असेल. हिशोब चोख बसला आणि तो झोपी गेला.

३

दुसऱ्या दिवशी त्याचं मन सरळ रस्त्याने जावं असं होतं. मामांनी घाटाची पाटी बघितली आणि चाक फिरवलं. वर धुकं, खाली दरी, वाटेत एका लॉजवर मुक्काम. फिटरकडे पोचले ते त्याच्यापुढच्या सकाळी.

फिटर आपल्या वर्कशॉपमध्येच राहायचा. पुढे गाड्या, मागे एक खोली, मध्ये तेलाने काळं झालेलं लांब टेबल. माणूस कमी बोलणारा, थट्टा त्याच्या रक्तात नव्हती. त्यांना बघून तो म्हणाला, “काही बिघडलं का? काल तर ठीक होती.”

मामांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

फिटर गाडीपाशी गेला. भाच्याच्या बाजूचं दार धरलं, उघडलं आणि सोडून दिलं. दार खाली झुकलं. फिटरने ते पुन्हा लावून बघितलं. ठक्… ठप.

त्याने हात काढून घेतला आणि खांद्यावरच्या फडक्याला पुसला. हाताला काही लागलं नव्हतं, तरी बराच वेळ पुसत राहिला.

“काल मी ह्या हातांनी बिजागरी बदलली,” तो म्हणाला. “जुनी काढून ठेवलीय.”

टेबलावरून त्याने ती आणून दाखवली. झिजलेली बिजागरी, मध्ये वेल्डिंगचा जाड ओबडधोबड डाग दिलेला. तो डाग फार वर्षांपूर्वी मामांनी कुठल्याशा आडगावी देऊन घेतला होता आणि त्यावरून फिटर त्यांना कायम चिडवायचा. आता गाडीच्या दारात वाकून तिघांनी बघितलं. तीच बिजागरी दारात होती. तोच डाग होता. आणि एक फिटरच्या हातात होती.

मागच्या खोलीत घड्याळ चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

मग फिटरने जे सांगितलं ते असं. काल दोघं आले. हाच मामा, हाच भाचा. तुझ्यासारखाच दिसणारा, पण नजर न चुकवता बोलणारा. माझ्या स्टुलाची गादी त्याने बसल्या बसल्या करून दिली. चहा घेतला नाही. वाटेत कुठे थांबलात विचारलं तर म्हणाला, थांबायचं कशाला. इथून चेकरकडे जाणार म्हणाले, आणि तिथून उद्या घरी.

“आणखी एक म्हणाला तो,” फिटर त्याच्याकडे बघत म्हणाला. “आईची खुर्ची राहिलीय. आल्याबरोबर करतो म्हणून शब्द दिलाय.”

भाच्याने खिशातून फोन काढून घरी लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. आई घरात एकटी होती. ज्याला त्याचा चेहरा आहे त्याला ती दार उघडणार होती, आत ये म्हणणार होती, जेवलास का विचारणार होती. त्याने परत लावला. परत घंटा वाजत राहिली.

“मामा,” तो म्हणाला, “चेकरला राहू दे. आडवळण नको. सरळ घरी गेलो तर त्यांच्या आधी पोचू.”

चेकर मामांचा जिवाचा मित्र. डोळे जायच्या आत त्याला एकदा बघायचं होतं, खरं तर सगळा खटाटोप त्यासाठीच होता. मामा तुऱ्यांकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “चल.”

फिटर मात्र सोडेना. दार असं घेऊन जाऊ नका, मला झोप लागायची नाही, असं म्हणत त्याने टेबलाखालून नवी बिजागरी काढली. काल जोडी बनवली होती, एक उरली होती. सामान काढलं, तुरे टेबलावर ठेवले, आणि बघता बघता दार बसवून दिलं. आता ते बोटाने ढकललं तरी लागत होतं, एकाच मऊ आवाजात.

बरंच पुढे आल्यावर त्याच्या लक्षात आलं की तुरे टेबलावरच राहिले. “राहू दे,” मामा म्हणाले.

४

सरळ रस्ता चांगला असतो, हे मान्य करायला हवं. मामांनी पाठ ताठ केली, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि बस चालवायचे तशी गाडी सोडली. घाटाची पाटी आली आणि गेली. तलावाची पाटी आली. पलीकडे झाडांतून पाणी चमकलं. मामांनी मान वळवली नाही.

तेही बोलत नव्हते आणि त्यालाही बोलावंसं वाटत नव्हतं. पण आतून कसं मोकळं वाटत होतं. पेट्रोल पंपावर रांगेत एक जण मध्ये घुसला, तर त्याने खाली उतरून त्या माणसाला सरळ मागे व्हायला सांगितलं. जीभ अडखळली नाही की कान तापले नाहीत. माणूस निमूट मागे झाला. परत बसताना त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण उगाचच घाबरत होतो. यात काय आहे?

चहाला थांबायचं का, हे दोघांपैकी कुणी विचारलंच नाही.

५

गल्लीत शिरले तेव्हा उन्हं कलायला वेळ होता. गाडीचं दार हलकेच लागलं. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही.

त्याने तळहाताने दार वाजवलं. आतून आईचा आवाज आला, “कोण रे दार बडवतंय?” आणि तिने दार उघडलं. नेहमीचीच आई, हाताला पीठ लागलेलं. कुणी आलं होतं का विचारलं, तर म्हणाली, कोण यायचंय? आत खिडकीजवळ खुर्ची होती. बसकी, तिच्या आकाराची.

छातीवरचा दगड उतरला. आधी पोचले होते.

त्याने तिथल्या तिथे पिशवी सोडली. आई स्टुलावर बसून बघत राहिली. मामांना तिने चहा विचारला, ते नको म्हणाले. “दादा, ताप आहे का तुला?” असं म्हणत तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मामा हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते.

हात कसे चालत होते म्हणून सांगू. कापड एका ओढीत बसलं, सुई एकदाही चुकली नाही. आणि काम करता करता तो बोलत होता. तलाव कसा होता, घाटात धुकं कसं होतं, कंडक्टर पत्त्यांत कसे हरले. आई हसून हसून डोळे पुसत होती. “एवढं बोलताना मी तुला जन्मात ऐकलं नाही,” ती म्हणाली. “कुठे ठेवलं होतंस रे हे सगळं?”

खुर्ची झाली. त्याने ती उजेडाकडे तोंड करून ठेवली, म्हणजे आईला दिसायला बरं. ती बसली. तिचा गेलेला कान दाराकडे झाला.

आणि तेव्हा गल्लीत आवाज आला.

ठक्.

मग, नेहमी लागतो तेवढाच वेळ जाऊन, ठप.

ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, “आली का स्वारी?” आणि उत्तरादाखल कुणीतरी हसलं. हसू खोकल्यात संपलं.

त्याने वळून मामांकडे बघितलं. मामा तसेच बसून होते, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. आत्ता हसले ते हे नव्हते.

तो खिडकीशी गेला आणि त्याने पडदा बोटभर सारला. एका गाडीचा मागचा भाग दिसला, धुळीने माखलेला. काचेच्या आत पांढरे तुरे टेकवलेले, आता जरा पिंजलेले. दाराच्या वरच्या कडेवर एक हात होता. दार नीट लागलं की नाही बघत होता. हाताला दाभणाचे जुने व्रण होते, ते कुठे कुठे आहेत हे त्याला न बघता सांगता आलं असतं. हाताच्या वरचं काही त्याने बघितलं नाही. पडदा सोडून दिला.

पावलं पायरीवर आली. दारावर बोटाच्या पेराने एकदाच टकटक झालं.

“आई.”

हळू आवाज. घाबरट, ओशाळा. बाहेरचा आपला उभा होता.

आई खिडकीच्या पडद्यातून येणाऱ्या उजेडाकडे बघत बसली होती. ती हाक तिला ऐकू गेली नव्हती.

विचार केला असं त्याला म्हणता येणार नाही. आधी पोचण्यासाठीच तर इतका सरळ आला होता. तो दाराशी गेला, आवाज होऊ न देता कडी वर चढवली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कुणीतरी श्वास घेत होतं. तो श्वास किती वेळ रोखला जातो आणि कधी सुटतो, हेही त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा दार वाजणार नाही, हेही.

वाजलं नाही. पावलं पायरी उतरली. ठक्… ठप. गाडी लांब गेली.

“कोण होतं का रे दाराशी?” त्याला तिथे उभा बघून आईने विचारलं.

“पत्ता चुकले होते.”

“मला उगाच वाटलं, दादाच्या गाडीचं दार वाजलं.”

“माझं दार आता वाजत नाही,” मामा म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. दार उघडलं तर पायरीवर एक पांढरा तुरा पडला होता, देठाला तलावाचा वाळलेला चिखल. त्याने केरसुणी घेतली आणि पायरी झाडून काढली, मग अंगणही झाडलं, पार रस्त्यापर्यंत.

आई आत भांडी लावत होती. त्याने खिडकीजवळची खुर्ची उलटी केली. चुण्या सारख्या होत्या. निवार ताठ होती. मागच्या पायाशी लाल टाका होता, काल त्यानेच घातलेला. त्याने टाक्याखाली बोट घालून बघितलं. मग नख घालून बघितलं.

दोरा लाकडात रुतला होता.

त्याने पिशवीतून दाभण काढलं. टोक टाक्यापाशी नेलं. एक टाका सैल करायचा म्हणजे काम ते काय, डोळे मिटून झालं असतं. दाभण हातात धरून तो जरा वेळ तसाच बसला. मग त्याला वाटलं, कशाला? चांगला टाका आहे. टिकेल.

त्याने दाभण पिशवीत ठेवलं, खुर्ची सरळ केली आणि आईला हाक मारून बसायला सांगितलं. ती हात पुसत आली, बसली, उगाच इकडे तिकडे सरकली.

“छान झालीय,” ती म्हणाली. “पण कुणा दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखं वाटतंय बघ.”

“सवय होईल,” तो म्हणाला.